ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या जुन्या शीर्षकधुना: सूर लाखोंना पाठ, कर्ते अज्ञात

टेम्सकाठी

१९६० ते १९९० या तीन दशकांत ब्रिटनमधल्या घराघरांत संध्याकाळी ज्या धुना वाजत असत, त्यांच्याविषयी एक धागा काढावा असे बरेच दिवस मनात होते. मी १९७०च्या दशकाच्या अखेरीस शिक्षणासाठी लंडनला आलो आणि इथेच स्थायिक झालो. त्या वेळी वाहिन्या तीनच होत्या, बीबीसीच्या दोन आणि आयटीव्हीची एक. चौथी नोव्हेंबर १९८२मध्ये सुरू झाली. कार्यक्रम ठरल्या वेळी पाहावा लागे आणि चुकला तर चुकला. त्यामुळे शीर्षकधुनेवर मोठीच जबाबदारी असे. स्वयंपाकघरात, माडीवर किंवा परसात असलेल्या माणसाला ती अक्षरशः हाक मारून आणत असे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत कार्यक्रम कोणता ते कळले पाहिजे, पुढच्या अर्ध्या मिनिटात माणूस खुर्चीत येऊन बसला पाहिजे आणि तोवर जे पाहायचे आहे त्याच्यासाठी त्याचे मन तयार झालेले असले पाहिजे, एवढी कामे ती एकटी पार पाडत असे.

या धुना आजही माझ्या पिढीच्या लोकांना पहिल्या सुरावर ओळखता येतात. मात्र त्या कोणी रचल्या, कोणी वाजवल्या, असे विचारले तर बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही. मला या धाग्यात मुख्यतः त्या माणसांविषयी लिहायचे आहे.

सुरुवात 'डॉक्टर हू' या विज्ञानकथेच्या मालिकेपासून करणे भाग आहे. ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिची धून रॉन ग्रेनर या मूळच्या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने लिहिली. लिहिली म्हणजे काय, तर कागदाच्या एका पानावर मुख्य स्वरावली, खालचा खर्जाचा ठेका आणि 'वाऱ्याचा बुडबुडा', 'ढग' अशा स्वरूपाच्या काही सूचना. ते पान घेऊन प्रत्यक्ष नाद घडवण्याचे काम बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डार्बिशर आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांच्याकडे आले. हा विभाग १९५८मध्ये डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांनी उभा केला होता. तो पश्चिम लंडनमधल्या मेडा व्हेल इथे होता आणि त्याचे काम नाटकांना व कार्यक्रमांना लागणारे विलक्षण आवाज तयार करणे हे होते.

सिंथेसायझर तेव्हा हाताशी नव्हता. होती ती ध्वनिफीत, कात्री-पात्याचे साहित्य, चिकटपट्टी आणि यंत्रांच्या चाचणीसाठी वापरले जाणारे, विजेवर एकसारखा सूर काढणारे ऑसिलेटर. खर्जाच्या ठेक्यासाठी एक तार छेडून तिचा आवाज मुद्रित केला गेला. मग फितीचा वेग कमी-जास्त करून त्याच एका आवाजातून निरनिराळ्या उंचीचे स्वर काढले गेले. वरची चाल ऑसिलेटरमधून आली आणि फुत्कारासारखे आवाज निव्वळ खरखर गाळून मिळवले. प्रत्येक स्वर हा फितीचा स्वतंत्र तुकडा होता. फीत सेकंदाला पंधरा इंच या वेगाने फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या स्वरासाठी साडेसात इंचांचा तुकडा मोजून कापायचा आणि पुढच्या तुकड्याला चिकटवायचा, अशी ती लय होती. डेलिया केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित आणि संगीत शिकल्या होत्या, आणि या कामात त्या दोन्ही विद्यांना वेगळे करताच येत नव्हते.

अनेक मार्गिकांवर एकाच वेळी मुद्रण करणारे यंत्रही तिथे नव्हते. खर्ज, चाल आणि फुत्कार यांच्या निरनिराळ्या फिती वेगवेगळ्या यंत्रांवर चढवून ती सगळी यंत्रे एकाच क्षणी हाताने सुरू करावी लागत. एकदा सगळे जुळूनही कुठेतरी एक स्वर चुकत होता आणि तो सापडेना. तेव्हा डेलिया आणि मिल्स यांनी त्या फिती मेडा व्हेलच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरल्या आणि कोणता जोड बाकीच्यांशी जुळत नाही ते डोळ्यांनी शोधले. कानाने न सापडलेली चूक डोळ्यांनी सापडली, ही गोष्ट मला अद्भुत वाटते.

ग्रेनर यांनी तयार झालेली धून ऐकल्यावर "हे मी लिहिले आहे का?" असे विचारले आणि "बहुतेक सगळे," असे उत्तर डेलियांनी दिले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. ग्रेनर यांचा मोठेपणा असा की सहसंगीतकार म्हणून डेलियांचे नाव लागावे आणि मानधनात त्यांना वाटा मिळावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले. परंतु वर्कशॉपमधल्या कर्मचाऱ्यांनी निनावी राहायचे, हा बीबीसीचा नियम होता. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आणि वर्कशॉपचे नाव येत राहिले. मालिकेच्या श्रेयनामावलीत डेलियांचे नाव आले ते २०१३मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. त्या २००१मध्येच निवर्तल्या होत्या.

त्यांच्या आधीच्या आयुष्यातली दोन तथ्ये इथे सांगितलीच पाहिजेत. १९५९मध्ये त्यांनी डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीकडे नोकरी मागितली, तेव्हा आम्ही स्त्रियांना ध्वनिमुद्रण कक्षात घेत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि त्यांचे लहानपण कॉव्हेंट्रीत गेले. नोव्हेंबर १९४०मध्ये त्या शहरावर भीषण बॉम्बवर्षाव झाला तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचे चढते-उतरते आवाज हेच आपल्या कानावर पडलेले पहिले अमूर्त संगीत, असे त्या पुढे सांगत असत. 'डॉक्टर हू'ची ती घसरत वर जाणारी चाल हे लक्षात ठेवून पुन्हा ऐकावी, एवढी विनंती.

दुसरे नाव रॉनी हेझलहर्स्ट यांचे. बीबीसीच्या विनोदी मालिकांमधल्या कितीतरी धुना या एका गृहस्थांच्या आहेत. 'यस मिनिस्टर'मध्ये जेराल्ड स्कार्फ यांची व्यंगचित्रे उमटत असताना जे वाजते ते वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या टोल्यांवर बांधलेले आहे. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड'मध्ये दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट हाच ठेका आहे आणि त्यावर लिफ्टमधली बाई मजल्यांवरच्या मालाची यादी सांगते. 'सम मदर्स डू अॅव्ह एम'ची धून पिकोलो या छोट्या, चढ्या आवाजाच्या दोन बासऱ्यांवर आहे आणि त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ स्वर तारयंत्राच्या मोर्स लिपीतल्या कडकट्टात मालिकेचे नावच सांगतात. उलट 'लास्ट ऑफ द समर वाइन'मध्ये यॉर्कशरच्या डोंगरउतारांवर रेंगाळणारी माउथ ऑर्गनची चाल आहे. ती वाजवणारे हॅरी पिच हे नाव मला स्वतःला फार उशिरा कळले. २००७मध्ये हेझलहर्स्ट वारले तेव्हा अनेक नामांकित वृत्तपत्रांनी मृत्युलेखात त्यांच्या नावावर एक अलीकडचे पॉप गाणे घातले. त्या गाण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. विकिपीडियावर कोणीतरी केलेला खोडसाळपणा तपासून न पाहता उतरवून घेतला गेला होता. आयुष्यभर इतके काम केलेल्या माणसाविषयी पत्रकारांना स्वतःची माहिती इतकी थोडी असावी, याचे मला आजही वाईट वाटते.

आपापल्या आवडीच्या धुना आणि त्यांच्यामागची माणसे यांविषयी सर्वांनी लिहावे.

लेस्टरवासी

फार चांगला विषय. माझ्याकडून 'कोरोनेशन स्ट्रीट'. ९ डिसेंबर १९६० रोजी ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीने ही मालिका सुरू केली आणि एरिक स्पिअर यांची तिची धून, वाद्यवृंद आणि मुद्रण बदलत गेले तरी, अजून तीच आहे. त्या धुनेत मला सगळ्यात मोलाचे वाटते ते कॉर्नेट, म्हणजे तुतारीच्या जातीचे पितळी वाद्य. उत्तर इंग्लंडमध्ये खाणी आणि गिरण्या होत्या तिथे कामगारांची स्वतःची पितळी वाद्यांची बँडपथके असत. त्या पथकांचा करुण, किंचित थकलेला आवाज या धुनेत आहे. सॅलफर्डसारख्या गावातल्या एकमेकांना खेटलेल्या घरांची ओळ पडद्यावर दिसते आणि जो आवाज येतो तो त्या वस्तीचा स्वतःचा आवाज असतो. नाट्यमय मालिका म्हटल्यावर व्हायोलिनांचा कल्लोळ घालण्याचा मोह स्पिअर यांना झाला नाही, हे किती बरे झाले.

१९८५च्या फेब्रुवारीत बीबीसीने 'ईस्टएंडर्स' आणली, तिची धून सायमन मे यांची. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाचे तरी गुपित फुटते, कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबतो आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमचे ते घाव पडतात. ब्रिटनमध्ये आज कोणालाही तोंडाने ते घाव वाजवून दाखवा, त्याला पुढचे सगळे समजते. परंतु मला अधिक आवडते ती याच धुनेची दुसरी, पियानोवरची संथ आवृत्ती. मालिकेच्या एक जनक ज्युलिया स्मिथ यांच्यावरून ती 'ज्युलियाज थीम' म्हणून ओळखली जाते. एखादे महत्त्वाचे पात्र कायमचे निघून जाते तेव्हा ड्रमचे घाव गाळून ही आवृत्ती वाजवतात. रोजचा घाव पडला नाही याची जाणीव प्रेक्षकाला आधी होते, आणि मग पियानो ऐकू येतो. धून लोकांच्या अंगवळणी पडलेली असेल तरच असा परिणाम साधता येतो.

आमच्या घरी आई इंग्रजी फारसे जाणत नव्हती, तरी या दोन्ही धुना सुरू झाल्या की ती हातातले काम ठेवून येत असे. संवादांतले बरेच तिला कळत नसे, पण कोणत्या घरात काय चालले आहे ते ती आम्हाला समजावून सांगे. परक्या देशात स्थिरावणाऱ्या माणसांना ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला ऐकू येणारी धून किती आधार देते, हे तिच्याकडे पाहून मला कळले.

पखवाज

मी पुण्यात तबला शिकवतो. ब्रिटनमध्ये मी राहिलेलो नाही, तेव्हा आठवणी सांगण्याचा मला अधिकार नाही, पण तालाच्या अंगाने एक-दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

'द बिल' ही लंडनच्या पोलिसांवरची मालिका १९८४पासून २०१०पर्यंत चालली. तिची 'ओव्हरकिल' नावाची धून अँडी पास्क आणि चार्ली मॉर्गन या दोघांनी केली. एक बास गिटार वाजवणारा, दुसरा ड्रम वाजवणारा. ती सात मात्रांची आहे! पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतांशी चारच्या पटीत चालते, त्यामुळे तिथल्या श्रोत्याला या धुनेत सतत काहीतरी निसटते आहे, पाऊल पुरते पडायच्या आत पुढचे उचलावे लागते आहे, असे वाटत राहते. पोलिसी मालिकेला याहून योग्य अस्वस्थता कोणती असणार? आपल्याकडे सात मात्रा म्हटले की रूपक ताल आठवतो, आणि मी विद्यार्थ्यांना या धुनेवर 'ती ती ना धी ना धी ना' म्हणायला लावून पाहिले. मात्रा बरोबर बसतात, पण स्वभाव जुळत नाही. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली येते, म्हणजे जिथे वजन पडेल असे वाटते तिथे हात हलका होतो. 'द बिल'मध्ये पहिल्याच मात्रेवर ठोसा आहे. सातच मात्रा, पण एक ताल श्वास सोडतो आणि दुसरा श्वास रोखायला लावतो.

'डॉक्टर हू'चा खर्ज तीन-तीनच्या गटांत चालतो. टेम्सकाठी यांनी लिहिलेली फीत कापण्याची पद्धत वाचल्यावर एक उलगडा झाला. त्या खर्जाला घोड्याच्या टापांसारखी गती असूनही माणसाच्या हाताने वाजवल्याचा भास त्यात मुळीच होत नाही. कारण प्रत्येक आघात एकाच मूळ आवाजाचा आहे. वादकाच्या दोन आघातांत जो सूक्ष्म फरक पडतोच, तो तिथे नाही. पुढे १९८०मध्ये पीटर हॉवेल यांनी सिंथेसायझरवर तीच धून नव्याने बांधली. ती झळझळीत आहे, उत्तम आहे, पण मूळ आवृत्तीतले भय मला तिच्यात सापडत नाही.

देवळालीकर

या विषयाचा आमच्या गावाशी एक थेट धागा आहे, तो नोंदवतो. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही बीबीसीची मालिका १९७४ ते १९८१ या काळात चालली. तिची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, सैनिकांची करमणूक करणाऱ्या तोफखान्याच्या एका पथकात घडते. पुढच्या भागांत ते पथक ब्रह्मदेशात जाते. लेखकद्वयापैकी जिमी पेरी स्वतः देवळालीत अशा पथकात होते. मालिकेचे शीर्षकगीत त्यांचे आणि डेरेक टॅव्हर्नर यांचे. नाटकाचा पडदा उघडताना सगळ्या मंडळींनी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना अभिवादन करावे अशा थाटाचे ते गाणे आहे, आणि त्या काळच्या सैनिकी करमणुकीचा बाज त्यात अचूक उतरला आहे.

मी हे गाणे आवडीने ऐकतो आणि तरीही मालिकेविषयी मला अवघडलेपण आहे, कारण त्यात रंगी राम या भारतीय पात्राची भूमिका मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा रंगवून केली होती. बेट्स यांचा जन्म झाशीचा होता आणि त्यांना हिंदुस्तानी येत होती, हे खरे. पण भारतीय माणसाच्या जागी रंगवलेला इंग्रज उभा करणे हे तेव्हाही योग्य नव्हते. बीबीसी ती मालिका आता पुन्हा दाखवत नाही आणि तो निर्णय मला मान्य आहे. गतकाळाविषयी ओढ वाटावी, परंतु तिने आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधू नये. देवळालीच्या नावाने इंग्रज प्रेक्षक हसत होते, तेव्हा प्रत्यक्ष देवळालीत मालिकेचे चित्रीकरण झालेच नाही. इंग्लंडमध्येच भारत उभा केला होता.

पेरी आणि टॅव्हर्नर याच जोडीचे 'डॅड्स आर्मी'चे गीत मात्र निर्विवाद श्रेष्ठ आहे. १९६८मध्ये रचलेले असूनही ते युद्धकाळातलेच असावे असे भल्याभल्यांना वाटते. कारण पेरींनी ते बड फ्लॅनगन यांच्याकडून गाऊन घेतले, आणि फ्लॅनगन यांचा आवाज युद्धाच्या वर्षांत देशभर ऐकलेला होता. मालिका सुरू झाली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लॅनगन वारले.

अक्षरयात्री

चर्चा वाचनीय आहे, पण माझे मत थोडे निराळे आहे आणि ते स्पष्ट मांडतो. या धुनांची थोरवी आपण रचनेत शोधतो आहोत. माझ्या मते ती बऱ्याच अंशी पुनरावृत्तीत आहे. पुरावा असा की अतिशय गाजलेल्या कितीतरी धुना त्या कार्यक्रमांसाठी रचलेल्याच नव्हत्या.

'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमाची धून हे अमेरिकेच्या सूझा यांचे १८९३चे लष्करी कवायतीचे संगीत. 'द स्काय अॅट नाइट' हा खगोलशास्त्राचा कार्यक्रम १९५७पासून सिबेलियस यांच्या एका नाट्यसंगीताने सुरू होतो. 'द ओनेडिन लाइन' ही जहाजांच्या व्यापाराची मालिका पाहणाऱ्यांना खाचातुरियन यांच्या 'स्पार्टाकस' या बॅलेतला एक संथ भाग ऐकला की शिडे आणि लाटाच दिसतात, वास्तविक त्या बॅलेचा विषय रोममधल्या गुलामांचे बंड हा आहे. बीबीसीच्या फॉर्म्युला वन शर्यतींना फ्लीटवुड मॅकच्या एका गाण्यातला बासचा तुकडा लाभला. बीबीसीच्या क्रिकेटला तर मेम्फिसमधल्या बुकर टी अँड द एमजीज या वाद्यवृंदाची १९६८ची 'सोल लिंबो'. ज्या देशात क्रिकेट जवळजवळ कोणी खेळत नाही तिथल्या वादकांनी वाजवलेली ही कॅरिबियन ढंगाची धून इंग्लंडमधल्या कसोटी सामन्यांची खूण होऊन बसली. ब्रिटनमध्ये वाढलेल्या माझ्या मावसभावंडांच्या मनात गावसकरांची खेळी आणि ही धून यांची गाठ पक्की आहे. आता तिच्या त्या घंटेसारख्या ठोक्यात क्रिकेट कुठे आहे, ते मला कोणी दाखवून द्यावे.

थोडक्यात, कोणतेही बऱ्यापैकी संगीत घ्या आणि वीस वर्षे दर आठवड्याला एकाच चित्रासमोर वाजवा, ते अजरामर होते. शिवाय आपण आठवतो ते टिकलेले तेवढेच. त्याच काळातल्या शेकडो सामान्य धुना कोणालाही आठवत नाहीत.

नीलांबरी

अक्षरयात्री, पुनरावृत्तीने धून लक्षात राहते हे मान्य. तिच्यात पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखे काही असते तेव्हाच ती प्रिय होते. आम्ही ठाण्यात केबलवर आणि त्याआधी व्हिडिओ कॅसेटवर 'मिस्टर बीन' पाहत वाढलो. त्यातला एक शब्दही कळण्याची गरज नव्हती, कारण संवाद जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे बहुधा भारतात सर्वदूर पोहोचलेली ती ब्रिटिश मालिका असावी. रस्त्यावर प्रकाशाचा एक झोत पडतो, आकाशातून मिस्टर बीन धप्पदिशी खाली येतात आणि चर्चमधल्या गायकवृंदाचे गंभीर, पवित्र सूर उमटतात. ते गाणे हॉवर्ड गुडॉल यांचे. लंडनच्या सदर्क कॅथीड्रलच्या गायकवृंदाने ते गायले आहे आणि त्याचे लॅटिन शब्द एवढेच सांगतात की, 'पाहा, हा माणूस घेवड्याची शेंग आहे'. जाहिरातींपूर्वी तोच वृंद पहिला भाग संपल्याचे लॅटिनमध्ये जाहीर करतो, आणि शेवटी त्या माणसाला निरोप देतो.

हे मला कळले तेव्हा मी ते पुन्हा लक्षपूर्वक ऐकले. गुडॉल यांनी चर्चसंगीताची टिंगल केलेली नाही. ते संगीत त्यांनी चर्चमध्ये शोभेल इतके मनापासून आणि शुद्ध रचले आहे, आणि विनोद त्या शुद्धतेमुळेच घडतो. त्यांनीच 'द व्हिकार ऑफ डिबली'साठी बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राला चाल लावली आणि ती पुढे खऱ्याखुऱ्या प्रार्थनासभांतूनही गायली जाऊ लागली. विनोदी मालिकेच्या प्रारंभी वाजणारे सूर लोकांनी अंत्यसंस्काराच्या वेळी निवडावेत, एवढे त्यांचे सामर्थ्य आहे. निव्वळ सवयीने असे होत नाही.

मराठी मालिकांशी तुलना केली तर एक मोठा फरक जाणवतो. आपल्याकडे शीर्षकगीताला शब्द लागतात. 'आभाळमाया'चे शीर्षकगीत मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज अशा तिन्ही नावांनी आपण ओळखतो, आणि ती नावे घरोघरी ठाऊक होती. शब्द असले की कवी असतो, आवाज असला की गायिका असते, आणि लोक त्यांना ओळखतात. ब्रिटिश धुना बहुतांशी शब्दांवाचून होत्या. त्यांचे कर्ते अज्ञात राहण्याचे हेही एक कारण असेल, असे मला वाटते.

टेम्सकाठी

नीलांबरी यांचा शेवटचा मुद्दा मला पटला आणि तो मला सुचला नव्हता. अक्षरयात्री यांच्या आक्षेपाला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण त्यातून एका मोठ्या आणि उपेक्षित दालनाकडे वळता येते.

कार्यक्रमासाठी न रचलेल्या धुनांचे दोन प्रकार आहेत. सूझा, सिबेलियस, खाचातुरियन हा एक. तिथे रचनेचे श्रेय जुन्या संगीतकाराला, पण निवडीचे श्रेय कोणाला तरी आहेच. 'मॉन्टी पायथन'साठी ते संगीत त्याची शीर्षकचित्रे करणाऱ्या टेरी गिलियम यांनी सुचवले. स्वामित्वहक्काचे पैसे पडणार नव्हते हे एक कारण, पण अतिशय शिस्तबद्ध कवायत चालू असताना वरून एक अवाढव्य पाऊल येऊन सगळे चिरडते, हा विरोध त्यांच्या कानाने हेरला. 'सोल लिंबो'त क्रिकेट नसेल, पण ऊन आहे, आणि इंग्लंडच्या क्रिकेटला त्याचीच सदैव टंचाई. १९९९मध्ये मायदेशातले कसोटी सामने चॅनल फोरकडे गेल्यावर नवी धून आली. बीबीसीने मात्र पुढे रेडिओवरच्या समालोचनासाठी 'सोल लिंबो'च जपली, हे मला अर्थपूर्ण वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे तयार संगीताच्या संग्रहांचा. केपीएम, डी वुल्फ यांसारख्या प्रकाशनसंस्था संगीतकारांकडून छोट्या छोट्या रचना करून घेत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निर्मात्यांना पुरवत. दुकानात त्या विकायला नसत. 'पाठलाग', 'उद्योगधंदे', 'शांत निसर्ग' अशा वर्णनांवरून निर्माता हवी ती रचना निवडत असे. 'मास्टरमाइंड' ही प्रश्नमंजूषा १९७२मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी नील रिचर्डसन यांची अशीच एक रचना उचलली गेली. काळी खुर्ची, एकच दिवा आणि ते दबा धरून येणारे ड्रम यांना आज वेगळे करता येत नाही. 'मास्टरमाइंड'ची कल्पना बिल राइट यांना युद्धात गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी केलेल्या स्वतःच्या चौकशीवरून सुचली होती. रिचर्डसन यांनी ती रचना या कार्यक्रमासाठी केलेली नसली, तरी तिच्यात भय होतेच आणि निवडणाऱ्याने ते ओळखले.

या दालनातला मला सर्वांत प्रिय माणूस म्हणजे अॅलन हॉकशॉ. ते मुळात पियानो आणि ऑर्गन वाजवणारे. शाळकरी मुलांच्या 'ग्रेंज हिल' या मालिकेची १९७८ची धून त्यांची, चॅनल फोरच्या बातम्यांची धून त्यांची, आणि 'काउंटडाउन' या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या स्पर्धेत घड्याळाचा काटा अर्धे वर्तुळ फिरेपर्यंत वाजणारी ती तीस सेकंदांची रचनाही त्यांचीच. चॅनल फोरवर २ नोव्हेंबर १९८२ रोजी सगळ्यात पहिला कार्यक्रम लागला तो 'काउंटडाउन'. त्या रचनेला सेकंदाचे बंधन तर आहेच, शिवाय स्पर्धक त्याच वेळात अक्षरे जुळवत असतात, म्हणून तिने ताण वाढवायचा पण लक्ष ओढायचे नाही, आणि शेवटच्या सुरांनी वेळ संपल्याचे निःसंदिग्ध सांगायचे. इतक्या अटी पाळून केलेले काम चाळीस वर्षांहून अधिक काळ रोज वाजते आहे. याला निव्वळ पुनरावृत्ती म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कीथ मॅन्सफील्डही याच केपीएमच्या परंपरेतले. 'ग्रँडस्टँड' या शनिवारच्या क्रीडाकार्यक्रमाची १९७५ची धून त्यांची, आणि विम्बल्डनच्या प्रक्षेपणाच्या आरंभी वाजणारी प्रसन्न रचनाही त्यांचीच. 'मॅच ऑफ द डे' या फुटबॉलच्या कार्यक्रमाची १९७०पासूनची धून बॅरी स्टोलर यांची. एवढ्या तीन रचना मिळून इंग्लंडचा शनिवार होतो, असे मी म्हणेन.

आणि संग्रहातली रचना थेट लोकप्रियतेच्या यादीत पहिली आल्याचेही उदाहरण आहे. अॅमस्टरडॅममधल्या पोलीस अधिकाऱ्यावरच्या 'व्हॅन डर व्हॉक'ची 'आय लेव्हल' ही धून यान स्टुकार्ट या डच संगीतकाराने जॅक ट्रॉम्बी या टोपणनावाने केली आणि सायमन पार्क यांच्या वाद्यवृंदाने वाजवली. १९७३मध्ये ती ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लोकांनी दुकानात जाऊन ती विकत घेतली, म्हणजे तिला पडद्याचा आधार लागला नाही.

लेस्टरवासी

मोर्स लिपीचा उल्लेख वर झालाच आहे, तर 'इन्स्पेक्टर मोर्स' राहायला नको. १९८७पासून चाललेल्या या ऑक्सफर्डच्या पोलिसी मालिकेत बॅरिंग्टन फेलॉंग यांनी धुनेच्या मुळाशी एकच स्वर कडकट्टासारखा ऱ्हस्व-दीर्घ वाजवत ठेवला आहे आणि त्यातून 'मोर्स' ही अक्षरे उमटतात. त्यावर तंतुवाद्ये किती हळुवार येतात! भागांच्या पार्श्वसंगीतात त्यांनी कधी कधी खुन्याचे नावही अशाच पद्धतीने गुंफले, आणि कधी मुद्दाम भलत्याचेच नाव घालून जाणकारांना चकवले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तेही ग्रेनर यांच्याप्रमाणे मूळचे ऑस्ट्रेलियन. २०१९मध्ये ते वारले.

अक्षरयात्री

'काउंटडाउन'चे उदाहरण मला पटते. तीस सेकंदांच्या त्या अटी मी विचारात घेतल्या नव्हत्या. मग प्रश्न असा की, आता अशा धुना का होत नाहीत? भारतात आमच्या पिढीला लाभलेली शेवटची अशी ब्रिटिश धून म्हणजे बीबीसीच्या बातम्यांची, डेव्हिड लो यांनी १९९९मध्ये केलेली. ग्रिनिच वेळेच्या 'पिप' ठोक्यांवर ती बांधली आहे आणि केबलमुळे ती इकडे घरोघरी पोहोचली.

टेम्सकाठी

मला वाटते, हाक मारण्याची गरजच संपली. प्रेक्षक स्वतः मालिका सुरू करतो, तेव्हा तो आधीच पडद्यासमोर असतो. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये प्रास्ताविक वगळण्याची कळ दिली. एका बैठकीत पाच भाग पाहणाऱ्याला तीच धून पाच वेळा नको असणे मी समजू शकतो. परंतु त्या कळीचा फटका श्रेयनामावलीलाही बसतो, आणि जी नावे आम्हाला इतक्या वर्षांनी शोधावी लागली ती आता पडद्यावर असूनही कोणी वाचत नाही.

डेलिया डार्बिशर यांच्या माळ्यावर सापडलेल्या २६७ फिती मँचेस्टर विद्यापीठाच्या स्वाधीन झाल्या आहेत. मँचेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या कोणा सभासदाने तो संग्रह पाहिला असेल तर त्याने इथे अवश्य लिहावे. आणि पखवाज, आपण 'द बिल' आणि रूपक यांची तुलना ध्वनिमुद्रित करून इथे ठेवाल का? शब्दांत समजले, आता कानांनी ऐकायचे आहे.

पखवाज

अवश्य. रविवारी विद्यार्थी येतात तेव्हा करतो. सोबत 'डॉक्टर हू'चा खर्ज डग्ग्यावर घासून काढता येतो का तेही पाहतो.